मामाच्या रेषेखालची फुली

मी पोटापाण्यासाठी चौकोन काढते. मोताळ्यात हे कुणाला पटवून सांगणं सोपं नाही. शेजारच्या काकू मला अजूनही "कॉम्प्युटरवर नक्षी काढणारी" समजतात. नातीच्या बारशाच्या पत्रिकेसाठी त्यांनी माझ्याकडून वेलबुट्टी मागितली, तेव्हा मी ती मुकाट्यानं काढून दिली. समजावत बसण्यापेक्षा वेलबुट्टी परवडली.

खरं काम असं आहे. एखादं मोठं सॉफ्टवेअर बनवायचं असलं की बनवणारे लोक वेगवेगळ्या गावी बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात ते वेगळंच असतं. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांना हो म्हणतात आणि नंतर आपापल्या मनातलंच करतात. म्हणून आधी चित्र काढायचं. या चित्रांची एक ठरलेली भाषा आहे. चौकोन म्हणजे काय, भरीव टोकाचा बाण म्हणजे काय, पोकळ टोकाचा म्हणजे काय, सगळं पक्कं. परदेशातल्या एखाद्या साहेबाला आणि मोताळ्यात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी लॅपटॉप मांडून बसलेल्या बाईला त्याचा एकच अर्थ लागतो. मला ही भाषा फार आवडते, कारण तिच्यात "पाहू", "बघू पुढं" आणि "तसं काही नाही, पण" हे शब्दच नाहीत. आमच्या घरात दिवसभर दुसरं काही ऐकू येत नाही.

त्यातली एक आकृती माझी विशेष लाडकी. तिला सिक्वेन्स डायग्राम म्हणतात. वर एका ओळीत चौकोन मांडायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे कामात भाग घेणारा एक जण. प्रत्येकाखाली एक तुटक रेषा सरळ खाली सोडायची, ती त्याची आयुष्यरेषा. वेळ वरून खाली जाते. एकानं दुसऱ्याला निरोप दिला की या रेषेपासून त्या रेषेपर्यंत आडवा बाण. निरोप मिळालेला कामाला लागला की त्याच्या तुटक रेषेवर एक बारीक उभी पट्टी चढवायची. काम संपलं की पट्टी संपली, खाली पुन्हा नुसती तुटक रेषा. आणि एखाद्याचा संबंधच संपला, तर त्याच्या रेषेच्या तळाशी फुली. एवढ्यावर कोण कुणाला काय म्हणालं आणि त्यापायी कोण किती राबलं, ते कागदावर दिसतं.

पुण्यात काही वर्षं नोकरी करून मी घरी परतले, कारण कंपनीनं घरून काम चालेल म्हटलं आणि मला पुण्यातल्या खोलीचा कंटाळा आला होता. आईबाबांना आनंद झाला आणि काळजीही लागली, कारण आता मी रोज डोळ्यांसमोर होते आणि माझं लग्न व्हायचं होतं. स्थळं यायची. काहींना मी नोकरी सोडायला हवी होती. काहींना उलट माझी नोकरीच तेवढी हवी होती, मी नसले तरी चाललं असतं. दोन्हींना मी चहा दिला आणि निरोपही दिला. तिशी ओलांडल्यावर लोक बाईला "अजून" हा शब्द लावतात. अजून जमलं नाही का, अजून शोधताय का. मला त्या शब्दाचा संताप यायचा, आणि संताप आला की मी चौकोन जास्त सुबक काढायचे.

अशात मामांनी मलकापूरचं स्थळ आणलं. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. या भागातली कितीतरी लग्नं त्यांनी जुळवली आहेत. दोन्हीकडचे निरोप तेच नेतात, तेच आणतात, आणि मध्ये कुणालाही थेट बोलू देत नाहीत. "थेट बोलले की बिनसते," असं त्यांचं ठाम मत.

दिवाळी उरकली होती, वावरात कापूस फुटला होता. मलकापूरची मंडळी आली, पोहे झाले, आणि रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना मागच्या ओसरीत बोलायला पाठवलं. त्याचं मलकापुरात दुकान. विजेच्या मोटरी दुरुस्त करणं आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांचे इलेक्ट्रिक पॅनल जोडून देणं हे त्याचं काम. सुरुवातीला दोघंही पेरूच्या झाडाकडं बघत बसलो. मग त्यानं विचारलं, "तुमचं काम म्हणजे नेमकं काय असते?"

हा प्रश्न आतापर्यंत प्रत्येक मुलानं विचारला होता आणि उत्तर एकानंही ऐकलं नव्हतं. मी वैतागून, त्यांनीच आणलेल्या पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि त्यावर माझी आकृती काढून दाखवली. त्यानं ती नीट पाहिली. मग माझ्या हातातला पेन मागून घेतला आणि शेजारी त्याची आकृती काढली.

"आमच्या पॅनलचं पण असंच राह्यते," तो म्हणाला. "हा एक कॉन्टॅक्टर, हा दुसरा. म्हणजे मोठे स्विचच समजा. दोन्ही एकदम चालू झाले तर स्फोटच. म्हणून याच्या वाटेत त्याचं कुलूप, अन् त्याच्या वाटेत याचं. हा बंद असल्याशिवाय तो लागत नाही."

"आणि कुलपं चुकीची जोडली तर?"

"मंग दोघंही एकमेकाची वाट पाहत बसतात. बटन दाबा नाहीतर डोकं आपटा, मोटर हालत नाही."

मी हसले. त्यानं विचारलं, लाइट गेल्यावर माझं काम कसं चालतं. मी म्हटलं, इन्व्हर्टर आहे, पण तो माझ्याआधी दमतो. मग फोनवर नेट घेऊन आणि वीज मंडळाला शिव्या देऊन भागवते. तोही हसला. तेवढ्यात आतून हाक आली. ते झाकण पाहुण्यांच्या मागोमाग केरात गेलं नाही, माझ्या टेबलावर राहिलं. मला तो आवडला होता. सरळ सांगायचं तर फार आवडला होता, आणि मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. "पोरगी पसंत हाय त्याहिले. आता म्हणतात घर पाहून घ्या. मी सांगतो दिवस." आई देवापुढं साखर ठेवायला धावली. आमच्याकडं मुलगी पसंत पडली की मुलीकडची चार माणसं मुलाचं घर पाहायला जातात. पाणी कुठून येतं, चूल कुठं, मुलगी कुठं बसेल-उठेल ते पाहतात आणि परत येऊन हो म्हणतात. तोवर काहीच पक्कं नसतं.

मामांनी दिवस काही सांगितला नाही. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते लेकीकडं सुरतेला गेले. आणि जाताना फोन घरीच कपाटात ठेवून गेले, बंद करून. डॉक्टरांनी स्क्रीन पाहू नका म्हटलं होतं, आणि मामांचं पुढचं म्हणणं असं की सुरतेत आपल्याला ओळखतं कोण, फोन कोण करणार. लेकीनं नंबर बदललेला. नवा नंबर होता मामांच्याच फोनमध्ये.

त्यानंतर मलकापूरहून काही नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, कापसाची वेचणी सुरू झाली. बाबा एरवी फोन खुंटीला लावलेल्या पिशवीत विसरणारे, आता पूर्ण चार्ज करून वावरात न्यायला लागले. रविवारी ते वावरात जातच नव्हते. अंगणात बसून उगाच विळ्याला धार लावायचे. आईनं चांगलं लुगडं इस्त्री करून कपाटात सगळ्यात वर ठेवलं होतं. आम्ही तिघंही त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हतो.

मी मनातल्या मनात हिशेब लावून मोकळी झाले होते. वय आडवं आलं असेल. किंवा मी फार बोलले. पेढ्यांच्या खोक्यावर आकृत्या काढणारी सून कुणाला हवी असते? आधी दुखलं, मग राग आला. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण असं लोंबकळत ठेवू नका, असं मी कपडे वाळत घालताना चिमट्यांना सुनवायचे.

मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या भाच्याचं स्थळ आणलं. मुलगा चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि येत्या रविवारी ते लोक पाहायला येऊ का विचारत होते. बाबांनी दोन दिवसांत सांगतो म्हटलं. आमच्याकडं बातमी बसनं जाते. दुसरे पाहुणे आमच्या दारात उतरले की मलकापुरात ते संध्याकाळच्या आत कळलं असतं, आणि मग ते स्थळ खरोखरच संपलं असतं. मला बाबांना "थांबा" म्हणायचं होतं. पण कशासाठी थांबा, हे सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या कामात एक घोळ झाला. एका कंपनीच्या गोदामाचं सॉफ्टवेअर होतं आणि काही ऑर्डरी मध्येच गोठून बसत होत्या. चूक म्हणून काही येत नव्हतं, लाल अक्षरं नाहीत, काही नाही, नुसती शांतता. पुण्यातले आमचे साहेब म्हणाले, जरा चित्र काढून बघा. मी सकाळी काढायला घेतलं. एक रेषा ऑर्डर घेणाऱ्या प्रोग्रामची, एक रेषा माल मोजणाऱ्याची. बाण काढत खाली आले आणि एका ठिकाणी बाण संपले. ऑर्डरवाला थांबला होता: माल आहे असं कळलं की पक्की करतो. मालवाला थांबला होता: ऑर्डर पक्की झाली असं कळलं की माल बाजूला काढतो. बिचारे दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दोघंही तयार होते. खाली नुसत्या दोन तुटक रेषा समांतर उतरत होत्या.

मी साहेबांना चित्र पाठवलं, ते म्हणाले "सापडलं की", आणि दुपारपर्यंत ते दुरुस्तही झालं. मला हायसं वाटलं. चहा घेऊन परत टेबलाशी आले, तर त्या दोन तुटक रेषांकडं बघता बघता हातातला चहा तसाच राहिला. हे मी कुठंतरी पाहत होते. दर रविवारी पाहत होते. अंगणात, बाबा विळ्याला धार लावत बसायचे तेव्हा.

मी नवीन पान उघडलं. वर तीन चौकोन: आम्ही, मामा, मलकापूर. पाहुणे आले, बाण. पसंत आहे, मलकापूरकडून मामांकडं, मामांकडून आमच्याकडं. घर पाहून घ्या, तसाच. इथवर ठीक. मग मी स्वतःला विचारलं, आता पुढचा बाण कुणी काढायचा? आणि आईला हाक मारली.

आई तुरीच्या शेंगा सोलत होती, टोपली घेऊनच आली. बाबाही मागोमाग आले. मी विचारलं, "घर पाहायला जायचं, तर आपण आधी कळवायचं की त्यांनी बोलवायचं?"

"त्याहिनं बोलवाचं," बाबा म्हणाले. "बोलावल्याशिवाय जानं म्हंजे पोरगी गळ्यात माराले गेल्यासारखं होते."

"आणि समजा तुम्ही मुलाकडचे असता?"

बाबांनी विचार केला. "मंग मी काऊन बोलवू? आपून आपली पसंती कळवली. या, या म्हनून मागं लागलं की समोरच्याले वाटते, पोरात काही खोट हाय. मुलीकडच्याहिनं दिवस कळवाचा."

एवढं बोलून ते माझ्याकडं बघायला लागले. मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. मी म्हटलं, ही आपली रेषा, ही त्यांची. दोघंही दुसऱ्याच्या बाणाची वाट बघताहेत. कुणी नाही म्हटलेलं नाही. फक्त कुणी काही म्हटलेलंच नाही.

"मंग आजवर कशी जमली सारी लग्नं?" आईनं विचारलं.

"मामांमुळं. ते तुम्हाला सांगतात, त्यांनी बोलावलंय. त्यांना सांगतात, हे येऊ म्हणताहेत. दोन्ही बाण मामांचे स्वतःचे. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नसतं."

बाबा एकदम हसले. "माह्या लग्नात पण त्याच्या बापानं हेच केलं असंन."

आईचं मात्र लक्ष चित्रात दुसरीकडंच गेलं होतं. मधल्या रेषेच्या तळाशी तिनं बोट ठेवलं. "अन् माह्या भावाच्या नावाखाली फुली काऊन मारली? चांगला जिता मानूस हाय तो."

मी म्हटलं, अगं, फुली म्हणजे तसं नाही. फक्त या कामातून ते आता बाहेर आहेत, एवढंच. आईला ते पटलं नाही. "ऑपरेशन झालेलं मानूस," ती म्हणाली. "पुसून टाक." मी म्हटलं, पुसते, पण आधी हे मिटू दे. ती टोपली घेऊन तिथंच बसून राहिली, बहुधा मी फुली पुसते की नाही ते बघायला.

"बाबा, तुम्ही फोन करा," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. मला वाटलं, आता मानपानाचं भाषण येणार, आणि माझं डोकं तापायला लागलं. पण ते म्हणाले, "मी माह्यासाठी नाई भेऊन राह्यलो बाई. फोन केला अन् ते म्हनले आमी दुसरीकडं जमवलं, तर तुले किती लागंन. न इचारलं तर निदान तसं कोनी तोंडावर तर म्हनलं नाई."

माझा सगळा राग तिथंच उतरला. इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस मानासाठी अडून बसलाय. तो मला झाकून उभा होता.

"मी करू?" मी विचारलं.

बाबा उठले. चपला शोधल्या, रुमाल खांद्यावर टाकला. "मी वावरात जाऊन येतो," ते म्हणाले. "माह्यासमोर नको." आमच्या घरात याला परवानगी म्हणतात. आईनं टोपलीतून डोकं वर न काढता म्हटलं, "कर मंग."

त्याचा नंबर माझ्याकडं नव्हता. बायोडेटावर त्याच्या वडिलांचा होता, आणि तिथं फोन करण्याइतकी मी धीट नव्हते. पण दुकान मोबाइलच्या नकाशावर सापडलं. कुणीतरी दुकानाचा फोटो टाकला होता, पाटीवर नंबर होता, आणि पाटीखाली एका उघड्या मोटरीवर वाकलेली त्याची पाठही होती. मी नंबर लावला.

"हां, बोला," तो म्हणाला. "मोटर का स्टार्टर?"

मी मोताळ्याहून बोलतेय म्हटलं. पलीकडं काहीतरी लोखंडी खाली पडल्याचा आवाज आला.

"तुमी," तो म्हणाला. मग पुन्हा, "तुमी." मग जरा सावरून, "मामांनी काही निरोप दिला का? आमी तर तुमच्याच निरोपाची वाट पाहून राह्यलो. बाबा म्हणतात, त्याहिले यायचं नसंन."

मी पुढचं वाक्य पाठ करून ठेवलेलं होतं, ते कुठं गेलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "कुलपं चुकीची जोडलीत. दोन्ही कॉन्टॅक्टर एकमेकांची वाट बघत बसलेत."

तो इतका मोठ्यानं हसला की मी फोन कानापासून दूर धरला. आई वर बघायला लागली. त्या हसण्यात सुटका होती ते मला लगेच कळलं, कारण मीही तशीच हसत होते. माझा जीव भांड्यात पडला. आईनं न विचारताच शेंगांची टोपली बाजूला सारली आणि देवघराकडं गेली.

"मंग आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या पॅनलमध्ये काय करता?"

"एका बाजूचं कुलूप काढतो. अन् ज्याचं काढलं त्याले सांगत नाही."

त्यानं घरी काय सांगितलं कुणास ठाऊक, संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन बाबांना आला. बाबा अंगणात उभं राहून बोलत होते. "हाव, हाव. नाई, नाई, आमीच करनार होतो आज. हो का? तुमी पन आजच करनार होते? पाहा बरं." फोन ठेवून ते आत आले आणि आईला म्हणाले, "त्याहिनं बोलावलं रविवारी." पलीकडं मलकापुरात त्या क्षणी कुणीतरी कुणाला म्हणत असेल, ते येऊ म्हणताहेत रविवारी. काकूंना नाही सांगायची जबाबदारी आईनं घेतली आणि ती इतकी गोड नाही म्हणाली की काकूंनी आम्हाला चिवड्याचे मुरमुरे पाठवून दिले.

मुलीनं घर पाहायला जायचं नसतं. पण आई म्हणाली, आता इतकं झालंच आहे तर तूही चल, तुझ्याच डोळ्यांनी बघ. आम्ही बसनं मलकापूरला गेलो. घराच्या बाजूला रेल्वेची लाइन, गाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. घर साधं, स्वच्छ. त्याच्या आईनं चिवड्याच्या बशा आणल्या आणि बसता बसता बोलून गेली, "घ्या बाई, आज एकदाचे तुमी आले. दर रविवारी चिवडा करत होती मी, आज येतील म्हून. अन् संध्याकाळी आमीच खात होतो. हा तर शेवटी म्हने, आई, मले आता चिवडा दाखवू नको."

त्याच्या वडिलांनी खाकरून तिला गप्प करायचा प्रयत्न केला. माझ्या आईनं माझ्याकडं पाहिलं. आपल्या कपाटातल्या इस्त्रीच्या लुगड्याची आठवण दोघींना एकदम झाली.

मग घर दाखवायला तो उठला. स्वयंपाकघर, मोरी, गच्ची. शेवटी मागच्या खोलीत खिडकीशी एक टेबल होतं, नवं नव्हतं, घासून पॉलिश केलेलं. टेबलाच्या वर भिंतीवर नवा बोर्ड, ओळीनं पॉइंट, आणि त्या बोर्डापासून दाराच्या वरच्या इन्व्हर्टरपर्यंत भिंत खोदून वायर नेऊन पुन्हा लिंपलेली. सिमेंट सुकून पांढरं झालं होतं, त्यावर रंग द्यायचा राहिला होता. शेजारी पेन्सिलनं आखलेल्या तुटक रेघा अजून तशाच होत्या.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

तो बोर्डाचा स्क्रू नखानं उगाच तपासत राहिला. "तुमी म्हनले होते न, इन्व्हर्टर दमते. याले वेगळी बॅटरी दिली." मग हळूच, "मोताळ्याहून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी. नंतर वाटलं, घाई केली."

मी लिंपलेल्या सिमेंटवरून हात फिरवला आणि आई आत आली तेव्हा खिडकीबाहेर बघत उभी राहिले. बाबांनी बोर्ड पाहिला, टेबल पाहिलं, आणि बाहेर येऊन त्याच्या वडिलांना म्हणाले, घर पाहिलं. आमच्याकडून हो.

घरी आल्यावर मी ते चित्र पुन्हा उघडलं. आई शेजारी येऊन बसली, म्हणून सगळ्यात आधी तिच्या देखत मामांच्या रेषेखालची फुली पुसली. मग मलकापूरच्या रेषेकडं पाहिलं. निरोप आला नाही म्हणून मी तिथं नुसती तुटक रेषा सोडून दिली होती. म्हणजे आमच्या भाषेत, इथं कुणी काही करत नव्हतं. मी त्या रेषेवर वरपासून खालपर्यंत एक सलग पट्टी ओढली.

"आपल्यावर पन ओढ," आई म्हणाली. मी ओढली.